साउथ सिडनी: नियम बदलले की नशीब बदलणारा क्लब

साउथ सिडनी रॅबिटोज हा ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमधला सर्वाधिक विजेतेपदं मिळवलेला क्लब. एकूण २१. पण ही यादी सालवार मांडली की वेगळंच चित्र दिसतं. १९०८ ते १९१८ या काळात चार, १९२५ ते १९३२ या आठ वर्षांत सात, १९५० ते १९५५ मध्ये पाच, १९६७ ते १९७१ मध्ये चार, आणि त्यानंतर एकदम २०१४ मध्ये एक. मध्ये मोठमोठी रिकामी मैदानं. बहुतेक ठिकाणी हा इतिहास शूर खेळाडूंच्या गोष्टींतून सांगितला जातो आणि त्या गोष्टी खऱ्याही आहेत. तरीही हे चढउतार समजून घ्यायचे तर तीन गोष्टींकडे बघावं लागतं: मैदानावरचा नियम काय होता, कोणता खेळाडू कोणत्या क्लबकडे खेळणार हे कोण ठरवत होतं, आणि क्लबच्या तिजोरीत पैसा कुठून येत होता. या तिन्हींपैकी एक जरी हललं तरी साउथ्सचं नशीब हललेलं आहे.

रग्बी लीगचा जन्मच मुळी पैशाच्या प्रश्नातून झाला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब रग्बी युनियनमधून बाहेर पडले. त्यांचे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडायची, आणि ती भरून द्यायला युनियनची बंदी होती. सिडनीतही तीच तक्रार होती. १९०७ मध्ये अ‍ॅलेक बर्डन हा खेळाडू जखमी होऊन कामाला मुकला, त्याला भरपाई मिळाली नाही, आणि आधीच धुमसणारा असंतोष उघड झाला. वेगळ्या लीगची बोलणी ज्या दुकानात झाली ते क्रीडासाहित्याचं दुकान व्हिक्टर ट्रम्परचं होतं. हो, तोच कसोटी फलंदाज ट्रम्पर. तो, जेम्स गिल्टिनन आणि हेन्री हॉइल या मंडळींनी ८ ऑगस्ट १९०७ रोजी न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीगची स्थापना केली.

१७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्न टाउन हॉलमधल्या सभेत साउथ सिडनी क्लब उभा राहिला. संघबांधणीचा मोठा भार आर्थर हेनेसीने उचलला आणि तोच पहिला कप्तान झाला. रेडफर्न तेव्हा कष्टकऱ्यांची दाट वस्ती होती. शेजारीच इव्हलीचे रेल्वे कारखाने, भोवती वॉटर्लू, अलेक्झांड्रिया, झेटलंड, मॅस्कॉट. क्लबचं टोपणनावही याच गल्ल्यांतून आलं. दारोदार ससे विकणाऱ्यांच्या आरोळीवरून ते पडलं, अशी सर्वांत प्रचलित हकीकत आहे. जर्सीचे रंग गडद लाल आणि गडद हिरवा. या दोन रंगांना पुढे कायदेशीर महत्त्व आलं, म्हणून ते लक्षात ठेवावेत.

सुरुवातीच्या काळात सगळ्यात महत्त्वाचा ठरला तो रहिवासाचा नियम. खेळाडू ज्या भागात राहतो त्याच भागाच्या क्लबकडून त्याने खेळायचं. पैसा फेकून शेजारचा खेळाडू पळवता येत नसे. त्यामुळे ज्या क्लबच्या हद्दीत तरुण पोरं जास्त, तो क्लब बळकट. साउथ्सच्या हद्दीत ती घरोघरी होती. पुढच्या पन्नास वर्षांतल्या यशाचं मूळ मला इथेच दिसतं.

२० एप्रिल १९०८ रोजी पहिल्या सामन्यात साउथ्सने नॉर्थ सिडनीला ११–७ असं हरवलं. त्या हंगामात नऊ संघ होते आणि अंतिम सामन्यात ईस्टर्न सबर्ब्सला १४–१२ ने नमवून साउथ्स पहिला विजेता ठरला. १९०९ चं विजेतेपद मात्र आजही वादात आहे. लीगने अंतिम सामना एका मोठ्या प्रदर्शनी सामन्याच्या आधी, गर्दी जमेपर्यंतचा खेळ म्हणून ठेवला. विरोधात असलेल्या बालमेनने निषेध म्हणून मैदानात उतरायचं नाकारलं. साउथ्सचे खेळाडू उतरले, समोर कोणी नसताना किक-ऑफ केला, चेंडू उचलला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीवर टेकवला, म्हणजे ट्राय नोंदवला. न खेळता विजेतेपद. दोन्ही क्लबांनी मिळून बहिष्कार घालायचं ठरलं होतं आणि साउथ्सने शब्द फिरवला, असा बालमेनचा आरोप पिढ्यानपिढ्या कायम राहिला. नियमाच्या चौकटीत साउथ्स बरोबर होते. तरी हे विजेतेपद मिरवण्यासारखं नाही, असं माझं मत आहे.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात या क्लबला ‘लीगचा अभिमान’ म्हणू लागले. १९२५ मध्ये बाराच्या बारा सामने जिंकले. १९२५ ते १९३२ मध्ये फक्त १९३० चं विजेतेपद हातचं गेलं. ते वेस्टर्न सबर्ब्सने नेलं. मग उतरण लागली आणि १९४६ मध्ये तळ गाठला: १४ सामने, १४ पराभव. अशा हंगामानंतर चार वर्षांत विजेता होणं आजच्या काळात पैसा ओतल्याशिवाय जमत नाही. तेव्हा जमलं, कारण रहिवासाचा नियम अजून शाबूत होता आणि स्थानिक कनिष्ठ संघांतून खेळाडू येतच होते.

बाहेरूनही एक माणूस आला. न्यूकॅसलचा क्लाइव्ह चर्चिल १९४७ मध्ये साउथ्सकडे खेळू लागला. तोवर फुलबॅकचं काम म्हणजे मागे उभं राहायचं, आलेली किक झेलायची, परत लाथ मारून द्यायची आणि शेवटचा टॅकल करायचा, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला पकडून पाडायचं. चर्चिल चेंडू घेऊन पुढे धावू लागला, आक्रमणाच्या ओळीत घुसून एक माणूस वाढवू लागला. आजचा प्रत्येक फुलबॅक हेच करतो. त्यालाही लोक ‘लिटल मास्टर’ म्हणत. कप्तान आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामं पोलीस खात्यातल्या जॅक रेनरकडे होती. १९५०, १९५१, १९५३, १९५४ आणि १९५५ ही पाच विजेतेपदं त्या संघाची.

१९५५ चं साल तर खास. हंगामाची सुरुवात इतकी वाईट झाली की उरलेले ११ सामने सलग जिंकले तरच विजेतेपद शक्य होतं. त्यातल्या मॅनलीविरुद्धच्या सामन्यात सुरुवातीलाच चर्चिलचा डावा हात मोडला. बदली खेळाडू उतरवायची सोय तेव्हा आजच्यासारखी नव्हती; एक माणूस गेला म्हणजे बारा जणांनी तेरांशी लढायचं. त्यामुळे हाताला पुठ्ठ्याची खपची बांधून चर्चिल खेळत राहिला, आणि अगदी शेवटी बाजूच्या रेषेजवळून कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर मिळणारी जादा गुणांची किक, मारून त्याने सामना ९–७ असा जिंकून दिला. अंतिम सामन्यात न्यूटाउनला १२–११ ने हरवलं. अकराच्या अकरा.

आणि नेमक्या याच सुमाराला दोन्ही पायांखालची जमीन सरकू लागली.

१९५६ मध्ये न्यू साउथ वेल्सने नोंदणीकृत क्लबांत पोकर मशीनना कायदेशीर मान्यता दिली. रग्बी लीगच्या क्लबांशी जोडलेली ‘लीग्ज क्लब’ नावाची सभासद मंडळं होती. जेवण, दारू, करमणूक आणि आता नाणी टाकून खेळायची यंत्रं. या यंत्रांचा नफा फुटबॉल संघाकडे वळवता येत असे. मग ज्या क्लबभोवती मोठ्या घरांची, वाढत्या उपनगरांची, खिसा भरलेली वस्ती, त्याची कमाई अफाट. सेंट जॉर्जने कोगराला बांधलेल्या प्रशस्त इमारतीला लोक ‘ताजमहाल’च म्हणत. रेडफर्नच्या भोवतालची वस्ती मात्र उलट्या दिशेने जात होती. कारखाने आणि गोदामं घरांची जागा खात होती, कुटुंबं दूरच्या उपनगरांत सरकत होती. पाठोपाठ १९५९ मध्ये रहिवासाचा नियमही गेला. खेळाडू आता कुठूनही आणता येणार होता, फक्त खिशात पैसा हवा.

सेंट जॉर्जने १९५६ ते १९६६ अशी सलग ११ विजेतेपदं घेतली. यात मैदानावरच्या नियमाचाही हात होता. तेव्हा टॅकल झाल्यावर चेंडू परत त्याच संघाकडे जायचा आणि किती वेळा, याला मर्यादाच नव्हती. तगडे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, असलेला संघ चेंडू मिळवायचा आणि इंचाइंचाने पुढे सरकत तो पाहिजे तितका वेळ स्वतःकडे ठेवायचा. समोरच्याने नुसते टॅकल करत राहायचं.

१९६७ मध्ये सिडनीत चार टॅकलचा नियम आला. चार टॅकलमध्ये काही जमलं नाही तर स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या फॉरवर्डनी भिडून चेंडूसाठी रेटारेटी. एका रात्रीत खेळाची गरज बदलली: नुसत्या वजनदार माणसाऐवजी धावू शकणारा, मोकळ्यात चेंडू हाताळणारा फॉरवर्ड हवा. साउथ्सकडे तो आधीच तयार होता. रॉन कूट, बॉब मकार्थी, जॉन ओ’नील आणि कप्तान जॉन सॅटलर. प्रशिक्षक म्हणून चर्चिल परतला होता. नव्या नियमाच्या पहिल्याच वर्षी साउथ्सने कँटरबरीला १२–१० ने हरवून ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, जिंकली. मकार्थीने प्रतिस्पर्ध्यांचा पास मधल्यामध्ये पकडून जवळजवळ अख्खं मैदान पळत मारलेला ट्राय त्यात निर्णायक ठरला. १९६८ मध्ये मॅनलीला १३–९ ने हरवलं.

१९६९ ला साउथ्स पुन्हा जिंकणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बालमेनने त्यांना ११–२ ने हरवलं. बालमेनचे खेळाडू पुन्हा पुन्हा जखमी झाल्यासारखे जमिनीवर पडून राहिले, खेळ थांबत गेला आणि वेगावर जगणाऱ्या साउथ्सची लयच मोडली. वेगवान संघाला कसं अडवायचं याचा तो वस्तुपाठ होता, आणि साठ वर्षांपूर्वीच्या त्या न खेळलेल्या सामन्याचा हिशेबही काहींच्या मते त्या दिवशी चुकता झाला.

१९७० च्या ग्रँड फायनलमध्ये सुरुवातीच्या दहा मिनिटांतच एका ठोशाने सॅटलरचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तो उरलेला सगळा सामना खेळला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. गुणफलक मात्र फार कोणी उलगडून बघत नाही, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. साउथ्स २३, मॅनली १२. तेव्हा ट्रायला ३ गुण, गोलला २ आणि फील्ड गोललाही २. साउथ्सचे तीन ट्राय म्हणजे ९, तीन गोल म्हणजे ६, आणि चार फील्ड गोल म्हणजे ८. एक तृतीयांशाहून जास्त गुण चालत्या खेळात मारलेल्या ड्रॉप किकचे! त्यात मोठा वाटा एरिक सिम्सचा. हा आदिवासी समाजातून आलेला फुलबॅक फील्ड गोल इतक्या सहजतेने मारायचा की ट्राय मारण्याची धडपड फोल वाटू लागली. १९७१ पासून फील्ड गोलची किंमत १ गुणावर आणली गेली, त्यामागचं मोठं कारण सिम्स. त्याच वर्षी टॅकलची मर्यादाही चारची सहा झाली. साउथ्सने सेंट जॉर्जला १६–१० ने हरवून ते विजेतेपदही घेतलं. त्यानंतर ४३ वर्षं काहीच नाही.

कारण सरळ होतं. लीग्ज क्लबची आर्थिक घडी बिघडली होती आणि श्रीमंत क्लबांनी थैल्या उघडल्या. १९७२ मध्ये कूट ईस्ट्सकडे, म्हणजे ईस्टर्न सबर्ब्सकडे, गेला. ओ’नील आणि रे ब्रॅनिगन मॅनलीकडे. एल्विन वॉल्टर्स पुढे ईस्ट्सकडे, मकार्थी कँटरबरीकडे. मॅनलीने १९७२ आणि १९७३ ची, ईस्ट्सने १९७४ आणि १९७५ ची विजेतेपदं जिंकली. साउथ्सने घडवलेली माणसं दुसऱ्यांचे करंडक उचलत होती. रहिवासाचा नियम टिकला असता तर हे घडलं नसतं. पण त्या नियमामुळे खेळाडूला स्वतःच्या श्रमाची खरी किंमत मागता येत नव्हती, आणि ज्या खेळाचा जन्म बुडालेल्या मजुरीतून झाला त्याला हे फार काळ शोभणारंही नव्हतं.

१९८९ मध्ये जुना खेळाडू जॉर्ज पिगिन्स याच्या प्रशिक्षणाखाली साउथ्स साखळीत पहिले आले आणि बाद फेरीत गारद झाले. पुढच्याच वर्षी शेवटचा क्रमांक. पहिल्यापासून शेवटपर्यंत एका हंगामात घसरायला कारण लागतं ते पातळ राखीव फळी. दोनचार दुखापती झाल्या की मागे कोणी नाही.

खरा घाव १९९५ नंतर बसला. रूपर्ट मरडॉकच्या न्यूज लिमिटेडने सुपर लीग नावाची स्पर्धा उभी करायला घेतली. मुळात हे टीव्ही हक्कांचं भांडण होतं. खेळाडूंची मानधनं आकाशाला भिडली, १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या स्पर्धा चालल्या, १२ आणि १० संघांच्या. डिसेंबर १९९७ मध्ये तह झाला आणि एनआरएल, म्हणजे एकत्रित नॅशनल रग्बी लीग, जन्मली. तहातलं एक कलम असं: २००० सालापर्यंत संघ १४ च राहतील.

हे आकडे क्रमाने पाहायला हवेत. १९९७ मध्ये दोन्हीकडचे मिळून २२. त्यातले पर्थ, हंटर आणि साउथ क्वीन्सलँड बंद, मेलबर्न नवा. १९९८ ला २०. अ‍ॅडलेड आणि गोल्ड कोस्ट गेले, सेंट जॉर्ज आणि इलावारा एक झाले. १९९९ ला १७. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स एकत्र आले, १६. मॅनली आणि नॉर्थ सिडनी एकत्र आले, १५. आता एकच जास्त होता. विलीन होणाऱ्यांना जागेची हमी आणि वर पैसे, असं आमिष होतं. साउथ्सने विलीन व्हायचं नाकारलं. उरलेल्यांची पारख प्रेक्षकसंख्या, स्पर्धेतले गुण, तिकीटविक्री, नफा अशा निकषांवर झाली. हे निकष वरवर तटस्थ दिसतात. पण नव्वदच्या दशकात सगळ्यात गरीब राहिलेल्या क्लबला उत्पन्नाच्या मापाने मोजलं तर निकाल काय लागणार हे आधीच ठरलेलं असतं. १९०८ पासूनचं काम त्या मापात बसतच नव्हतं. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी साउथ्सना वगळल्याची घोषणा झाली.

अध्यक्ष पिगिन्सने कोर्टाची वाट धरली. मुद्दा भावनेचा नव्हता, व्यापार कायद्याचा होता. प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत करार करून एखाद्याला सेवा नाकारायची, हा उद्देश असेल तर तो करार १९७४ च्या ट्रेड प्रॅक्टिसेस कायद्याखाली बेकायदा. चौदा संघांचं कलम तशा उद्देशाने घातलं होतं का, एवढाच प्रश्न. नोव्हेंबर २००० मध्ये फेडरल कोर्टाच्या एका न्यायाधीशाने दावा फेटाळला. काही दिवसांतच सिडनीच्या रस्त्यांवर सुमारे ८०,००० लोक लाल-हिरव्या रंगात उतरले. त्यात इतर क्लबांचे चाहतेही होते. ६ जुलै २००१ रोजी अपिलात पूर्ण पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने साउथ्सच्या बाजूने निकाल दिला आणि २००२ मध्ये क्लब परतला.

इथे बहुतेकजण गोष्ट संपवतात. पण ऑगस्ट २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल बहुमताने उलटवला. संघ कमी करण्याचा परिणाम साउथ्सना भोवला हे खरं, पण कलमाचा उद्देश स्पर्धा तगवण्याचा होता, असा त्याचा अर्थ. म्हणजे कायद्याच्या लढाईत साउथ्स शेवटी हरले. पण तोवर जवळजवळ दोन हंगाम खेळून झाले होते आणि त्यांना पुन्हा बाहेर काढायची हिंमत कोणी केली नाही. रस्त्यावरच्या गर्दीचं वजन इथे कामी आलं.

परत येणं आणि जिंकणं यांत फार अंतर असतं. दोन वर्षं बाहेर राहिल्यामुळे खेळाडू पांगले होते, प्रायोजक गेले होते. २००३, २००४ आणि २००६ मध्ये साउथ्स तळाला राहिले. १९ मार्च २००६ रोजी सभासदांसमोर प्रस्ताव आला: अभिनेता रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स आ कोर्ट ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला क्लबचा ७५ टक्के हिस्सा घेणार. मंजुरीसाठी ७५ टक्के मतं लागत होती. पडली ७५.८ टक्के. ज्याने क्लब वाचवला तो पिगिन्स या विक्रीच्या ठाम विरोधात होता आणि त्याची भीती अनाठायी नव्हती. पण सौद्यात एक भक्कम तरतूद होती: उरलेला २५ टक्के हिस्सा सभासदांच्या मंडळाकडे, आणि नाव, रंग, बोधचिन्ह यांना हात लावायचा तर त्या मंडळाची संमती हवी. मालक बदलले तरी लाल-हिरवा रंग विकला जाऊ शकत नाही. खासगी पैसा घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही सभासद-क्लबने ही तरतूद वाचावी.

२००७ मध्ये, १९८९ नंतर प्रथमच, साउथ्स बाद फेरीत पोचले. पुढच्या चढाला आणखी एका नियमाचा हातभार लागला: मानधनमर्यादा. प्रत्येक क्लबने खेळाडूंवर ठरावीक रकमेच्या वर खर्च करायचा नाही. मेलबर्नने ही मर्यादा मोडल्याचं २०१० मध्ये उघड झालं, त्यांना खेळाडू सोडावे लागले आणि ग्रेग इंग्लिस साउथ्सकडे आला. पैशाच्या नियमाने चाळीस वर्षं साउथ्सकडून माणसं हिरावली होती. या वेळी त्याने एक दिला. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डहून सॅम बर्जेस आला, मागोमाग त्याचे भाऊ. २०१२ पासून इंग्लंडच्या विगन क्लबमध्ये यश मिळवून आलेला मायकेल मग्वायर प्रशिक्षक झाला. जॉन सटन आणि अ‍ॅडम रेनल्ड्स हे घरचेच.

५ ऑक्टोबर २०१४, ८३,८३३ प्रेक्षक, समोर कँटरबरी बुलडॉग्ज. सामन्याच्या पहिल्याच धडकेत बर्जेसचं गालाचं हाड मोडलं आणि १९७० सारखाच तो ८० मिनिटं खेळत राहिला. उत्तरार्धात ६–६ अशी बरोबरी झाली होती. मग बुलडॉग्जची मधली फळी थकली आणि साउथ्सने तिथूनच वाट काढली, अखेर ३०–६. सामनावीराला दिलं जाणारं पदक बर्जेसला मिळालं. ते क्लाइव्ह चर्चिलच्या नावाचं आहे.

त्यानंतर एकदाच अंतिम फेरी. कोविडमुळे ब्रिस्बेनला हलवलेल्या २०२१ च्या ग्रँड फायनलमध्ये पेनरिथने १४–१२ असं हरवलं, आणि तो सामना रेनल्ड्सचा साउथ्सकडून शेवटचा ठरला. मानधनमर्यादेत त्याला हवा तितक्या वर्षांचा करार क्लबने देऊ केला नाही, ब्रिस्बेनने दिला. १९०८ मध्ये जे नऊ संघ उतरले होते त्यांपैकी आज वरच्या स्पर्धेत कोणाशीही विलीन न होता उभे आहेत ते दोनच: ईस्टर्न सबर्ब्स, म्हणजे आताचे सिडनी रूस्टर्स, आणि साउथ सिडनी.